माणगावच्या प्लॉटचं टोकन देण्याआधी

प्रश्न : मी ५८ वर्षांचा आहे. डोंबिवली पूर्वेला आमचा ४१० चौरस फुटांचा फ्लॅट आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही. मेअखेर निवृत्त होतोय. इमारतीतल्या अलीकडच्या व्यवहारांवरून फ्लॅटचे ४८ लाख येतील असा अंदाज आहे. पीएफ आणि ग्रॅच्युइटीचे १९ लाख मिळतील. पेन्शन नावापुरती. मला मधुमेह आहे, पत्नीचे गुडघे दुखतात. मुलगी पुण्यात नोकरी करते. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात, पण तिथल्या घराचा चुलत भावांशी वाद आहे. एका एजंटने माणगावजवळ ५ गुंठ्यांचा 'एनए प्लॉट' (बिगरशेती) १४ लाखांना दाखवलाय, वर बंगला बांधून देतो म्हणतो. पाडव्याआधी १ लाख टोकन मागतोय. द्यावं का? की दुसरं एखादं लहान, स्वस्त गाव सुचवाल?
– एक वाचक, डोंबिवली

नमस्कार,

टोकन देऊ नका. बाकीचं सावकाश वाचा, पण एवढं आधी ठरवून टाका. पाडव्यानंतर भाव वाढणार असं प्रत्येक एजंट प्रत्येक वर्षी सांगतो, आणि तो प्लॉट दसऱ्यालाही तिथेच असतो.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, कारण १२ वर्षांपूर्वी आम्ही दोघं अगदी याच जागी उभे होतो. ठाण्याचा फ्लॅट विकला आणि वाईपासून सहा किलोमीटरवर एका वसाहतीत छोटं बैठं घर घेतलं. समोर डोंगर, मागे उसाचं शेत, अंगणात पारिजातक. पहिलं वर्ष फार सुखाचं गेलं. मग हळूहळू कळायला लागलं की दूध सोडलं तर घरपोच काही येत नाही. औषधं, बँक, चक्की, पोस्ट, प्रत्येक गोष्टीला गाडी काढावी लागायची. वसाहतीतली बहुतेक घरं शनिवार-रविवारी येणाऱ्यांची, सोमवारी सगळीकडे कुलपं. चौथ्या पावसाळ्यात एका रात्री दीड वाजता ह्यांच्या छातीत दुखायला लागलं. लाइट गेलेली, रिक्षावाल्याचा फोन लागेना. शेवटी पलीकडच्या वाडीतला एक मुलगा भाजीच्या टेम्पोतून आम्हाला साताऱ्याला घेऊन गेला. हे वाचले, त्या मुलाचे उपकार मी कधी विसरणार नाही. पण पुढच्या सहा महिन्यांत ते घर आम्ही घेतलेल्या किमतीपेक्षा कमीत विकलं आणि वाईच्या पेठेत दोन खोल्यांचा जुना फ्लॅट घेतला. डोंगर आता गच्चीवरून दिसतो. डॉक्टर मात्र चौथ्या घरात आहेत.

म्हणून 'स्वस्त गाव कोणतं' या प्रश्नाआधी मला दुसरं काही विचारायचंय. गाडी न काढता, गुडघे सांभाळत, वहिनींना दिवसभराची कामं पायी करता येतील का? चौरस फुटाचा दर एकदाच द्यावा लागतो. गाडी, पेट्रोल, बागेचा माळी, बोअरचा पंप, एकटं घर म्हणून लावलेल्या जाळ्या आणि कॅमेरे, हा खर्च दर महिन्याला चालू राहतो, आणि पेन्शन नावापुरती असली की तोच अंगावर येतो. गावाबाहेरचा बंगला आणि तालुक्याच्या ठिकाणी मध्यवस्तीतला १५-२० वर्षं जुना छोटा फ्लॅट यांत मी तुमच्यासाठी डोळे मिटून फ्लॅट निवडीन. पहिला मजला असला तर उत्तम. कोकणात तळमजल्याला ओल येते, आणि डोंबिवलीत तीन जिने चढून तुम्ही दोघं पुरेसे दमला आहात.

आता गावं. तुमची मुलगी पुण्यात आणि मूळ गाव संगमेश्वराकडे, म्हणून मी या दोन टोकांच्या मधली गावंच बघते. वर्धा किंवा अंबाजोगाई यांच्याबद्दल मला फार चांगलं वाटतं. दोन्हीकडे वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे आणि राहणी साधी आहे. पण ती विदर्भ-मराठवाड्यात मुळं असलेल्यांसाठी. तुम्ही तिथे पाहुणे ठराल. वाईची शिफारसही मी करत नाही, माझंच गाव असलं तरी. पाचगणी-महाबळेश्वरच्या पायथ्याशी असल्याने पुण्या-मुंबईकडचा सुट्टीच्या घरांचा पैसा इथे आलाय. रेल्वे नाही, आणि दुखणं मोठं असलं की अजूनही सातारा गाठावा लागतो.

माझ्या यादीत पहिलं येतं कराड, आणि त्यातही कराडला खेटून असलेलं मलकापूर. (मलकापूर बुलढाण्यातही आहे आणि कोल्हापूरकडेही, म्हणून पत्ता नीट सांगते.) या छोट्या गावाने घरोघरी मीटर बसवून २४ तास नळाला पाणी देण्याची योजना राबवली आणि त्यासाठी ते देशभर ओळखलं गेलं. तालुक्याच्या पातळीवर ही किती मोठी गोष्ट आहे हे डोंबिवलीत राहून चटकन लक्षात येणार नाही. मनमाडकरांना विचारा, वर्षानुवर्षं त्यांनी पंधरा-पंधरा दिवसांनी येणारं पाणी भरून ठेवलंय. मलकापुरातच कृष्णा रुग्णालय आहे, वैद्यकीय महाविद्यालयाचं, त्यामुळे मधुमेहाच्या नेहमीच्या तपासण्यांपासून रात्रीच्या धावपळीपर्यंत सगळं गावातच होतं. पुणे-बंगळूर महामार्ग दारातून जातो, पुण्याची एसटी दिवसभर मिळते. चिपळूणची गाडी कुंभार्ली घाट उतरून जाते, म्हणजे संगमेश्वरही आवाक्यात राहतं. उणी बाजूही सांगते. रेल्वे स्टेशन गावापासून लांब, ओगलेवाडीच्या बाजूला आहे. महामार्गाचा आवाज आणि धूळ आहे, तेव्हा अगदी रस्त्याकाठची इमारत नको. आणि कराड शहरात कोयना-कृष्णेच्या संगमाकडचा सखल भाग पुराचा आहे, तिकडे स्वस्त मिळालं तर का स्वस्त आहे ते आधी समजून घ्या.

दुसरं मिरज. हे तसं लहान गाव म्हणता येणार नाही, सांगलीबरोबर महापालिकेत आहे. पण शंभर वर्षांहून अधिक काळ हे दवाखान्यांचं गाव आहे, कर्नाटकातूनही लोक उपचाराला येतात, आणि रेल्वेचं मोठं जंक्शन आहे. २०१६च्या दुष्काळात लातूरला पाण्याची रेल्वे इथूनच गेली होती. जुन्या इमारतींतले छोटे फ्लॅट पुण्याच्या मानाने बरेच कमी किमतीत मिळतात. मात्र २००५, २०१९ आणि २०२१ या तिन्ही वर्षी कृष्णेने सांगली-मिरजेची काय अवस्था केली ते तिथल्या माणसांकडून ऐका, मगच गल्ली निवडा.

तिसरं चिपळूण, आणि मला वाटतं तुमचं मन इथेच ओढ घेईल. बोली आपली, मासे आपले, कोकण रेल्वेचं स्टेशन गावाजवळ, बाजार भरलेला, सावर्ड्याजवळ डेरवणचं रुग्णालय. पण २२ जुलै २०२१ विसरू नका. वाशिष्ठीचं पाणी रात्रीतून बाजारपेठेत शिरलं आणि लोकांनी दुसऱ्या मजल्यावर, छपरावर बसून दिवस काढला. २००५च्या २६ जुलैलाही तेच. त्यामुळे चिपळुणात घर बघताना तुम्ही एजंटला काही विचारू नका. खालच्या किराणा दुकानदाराला विचारा, 'एकवीस साली पाणी कुठवर आलं होतं?' तो हात वर करून भिंतीवरची खूण दाखवेल. नदीकाठच्या गावांसाठी जलसंपदा विभागाने पूररेषा आखलेल्या असतात. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. नगरपालिकेच्या नगररचना विभागात नकाशा बघायला मिळतो. तुमची इमारत निळ्या रेषेच्या आत असेल तर किंमत निम्मी असली तरी परत फिरा. लाल रेषेच्या आत असेल तर तळमजला नको, आणि मीटर-पंप कुठे बसवलेत ते पाहा.

सावंतवाडी आणि कुडाळ मला स्वतःला फार आवडतात. मोती तलावाच्या काठी संध्याकाळी बसलं की परत यावंसं वाटत नाही. पण पुण्याहून मुलीला यायला अख्खी रात्र जाते. ती मुंबईत असती तर तुतारी एक्स्प्रेसच्या भरवशावर मी हे गाव वर ठेवलं असतं.

आणि माणगाव? गाव म्हणून वाईट नाही. रेल्वे आहे, बाजार आहे. पण तुम्हाला दाखवलेला प्लॉट माणगावात नाही, 'माणगावजवळ' आहे, आणि त्या 'जवळ'मध्ये किती किलोमीटर आहेत ते तुमच्या पत्रात नाही. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण २०११ पासून रखडलंय, मोठ्या आजाराला पनवेल-मुंबईच गाठावी लागते. मग डोंबिवली सोडून काय मिळवलं, असं तुम्हाला वर्षभरात वाटू लागेल.

त्या प्लॉटच्या कागदांबद्दल मात्र थोडं सविस्तर लिहिते, कारण हाच सापळा कर्जत, मुरबाड, दापोली, सगळीकडे लावलेला असतो. शेतजमिनीचा ५ गुंठ्यांचा तुकडा तुकडेबंदी कायद्यामुळे एरवी स्वतंत्र विकता येत नाही. मग काय करतात, तर दहा-बारा गिऱ्हाइकांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामायिक चढवतात, चुन्याच्या रेघा मारून प्रत्येकाला 'तुमचा प्लॉट' दाखवतात आणि जाहिरातीत 'एनए' लिहितात. कागदावर तुमचा कुठलाच प्लॉट नसतो, असतो फक्त एका मोठ्या जमिनीतला अविभक्त हिस्सा. चुलत भावांशी एक वाद चालू असताना अकरा अनोळखी माणसांबरोबर दुसरा सातबारा कशाला? एजंटकडे तीनच कागद मागा : अकृषिक परवानगीचा आदेश, नगररचना विभागाने मंजूर केलेलं रेखांकन (लेआउट), आणि त्या प्लॉट नंबरचा स्वतंत्र सातबारा. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की २ ते बघा. वर्ग २ असेल तर सरकारच्या परवानगीशिवाय विक्री होत नाही. 'इतर अधिकार' या रकान्यात कुळाचं नाव, बँकेचा बोजा, कोर्टाचा दावा असं काही आहे का, तेही वाचा. 'प्रोसेसमध्ये आहे' असं उत्तर आलं, तर ती प्रोसेस पूर्ण होईपर्यंत तुमचे पैसे तुमच्या बँकेतच राहू द्या.

फ्लॅट घेतानाही तालुक्याच्या गावांत एक गोष्ट हमखास निघते. हद्दीबाहेर, नुसत्या ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर उभ्या राहिलेल्या इमारती. दिसायला नव्या, दर कमी, पण मंजूर नकाशा नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही. अशा फ्लॅटवर राष्ट्रीयीकृत बँक सहसा कर्ज देत नाही, आणि उद्या विकायला गेलात तर तेच गिऱ्हाईक शोधावं लागतं ज्याला काही माहीत नाही. याला माझा एक उपाय आहे. तुम्हाला कर्जाची गरज नसली तरी त्या गावातल्या राष्ट्रीयीकृत बँकेत जाऊन विचारा, 'या इमारतीत तुम्ही कर्ज दिलंय का?' बँकेने दिलं असेल तर त्यांच्या वकिलाने कागद तपासलेले असतात. तरीही स्वतःचा स्थानिक वकील लावून ३० वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीच्या कागदांचा तपास, घ्याच. तो एजंटच्या ओळखीचा नको. इमारत नवी असेल तर महारेराचा नोंदणी क्रमांक बघा. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जमिनीवरच्या आणि ८ पेक्षा जास्त सदनिका असलेल्या प्रकल्पाला तो बंधनकारक आहे.

भाव कळायलाही एजंटची गरज नाही. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर वार्षिक बाजारमूल्य दर तर आहेतच, पण ई-सर्चमध्ये त्या इमारतीत, त्या गल्लीत झालेल्या खरेदीखतांचे इंडेक्स २ बघता येतात. कोणी किती रुपयांना घेतलं ते आकड्यांत समोर येतं. दोन संध्याकाळी बसलात तर त्या गावातल्या कुठल्याही माणसाइतका तुम्हाला भाव कळेल. मुलीला मदतीला घ्या.

आता पैसे. ४८ आणि १९, म्हणजे ६७ लाख. यातले घरावर सगळे मिळून ३० लाखांपेक्षा जास्त घालू नका, आणि 'सगळे मिळून' म्हणजे मुद्रांक शुल्क, नोंदणी, रंग, नळ, वायरिंग, सामान हलवण्याचा टेम्पो, सगळं त्यात. म्हणजे प्रत्यक्ष किंमत २५-२६ लाखांच्या आत. खरेदी फक्त महिलेच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पण घाई करू नका. डोंबिवलीचा फ्लॅट तुमच्या नावावर आणि नवा फक्त वहिनींच्या नावावर, असं झालं तर भांडवली नफ्यावरच्या (जुनं घर विकून झालेल्या फायद्यावरच्या) करसवलतीत अडचण येऊ शकते. २५ हजार वाचवताना त्याच्या कित्येक पट कर भरावा लागायला नको. व्यवहाराआधी सीएला भेटा. त्यालाच मुदतींबद्दल विचारा, कारण जुनं घर विकून नवं घेताना करसवलत हवी असेल तर नवी खरेदी विक्रीच्या आधी १ वर्ष किंवा नंतर २ वर्षांच्या आत व्हावी लागते. पीएफ-ग्रॅच्युइटीचे पैसे ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवता येतील. ६० पूर्ण नसले तरी निवृत्तीचे पैसे मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तुम्ही त्यात खातं उघडू शकता.

आणि डोंबिवलीचा फ्लॅट लगेच विकू नका. या पत्रातलं मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते हेच. मेअखेर निवृत्त झालात की जूनमध्ये तो ११ महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सवर द्या आणि त्या भाड्यात कराड-मलकापुरात किंवा चिपळुणात भाड्याने राहा. तालुक्याचं भाडं भागून थोडे पैसे हातात उरतील. पूर्ण पावसाळा तिथे काढा, मग मे काढा. पावसात कळतं की लाइट किती तास जाते, गल्लीत पाणी साचतं का, रात्री दहाला रिक्षा मिळते का. मे महिन्यात कळतं की पाणी किती दिवसांनी येतं. फेब्रुवारीच्या सुखद हवेत, एजंटच्या गाडीतून दोन तास फिरून यातलं काहीच कळत नाही. आम्ही आमचं पहिलं घर ऐन जानेवारीत पसंत केलं होतं.

वर्षभर राहिलात की शेजारपाजारचेच सांगू लागतात, 'आमच्या जिन्यातले जोशी मुलाकडे निघालेत, त्यांचा फ्लॅट विकायचाय.' तालुक्याच्या गावात चांगली जुनी घरं अशीच विकली जातात. जाहिरातीत येतात ती बहुधा राहिलेली. आणि विकणाऱ्याला तुम्ही माहितीतले झालेले असता, त्यामुळे भावही सरळ निघतो.

प्रवासाचा हिशेबही मांडा. एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे. तुम्ही ६५चे झालात की तुम्हालाही अर्धं, आणि ७५नंतर मोफत. रेल्वेतली ज्येष्ठांची सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. म्हणून स्टँडपासून चालत घर, ही गोष्ट मी स्टेशनजवळच्या घरापेक्षा वर धरते.

गावच्या घराबद्दल दोन शब्द. नवीन घर घेतलंत म्हणून तो हक्क सोडू नका, आणि त्या वादापायी नवीन घर थांबवूही नका. वारस नोंद झाली आहे का ते ऑनलाइन सातबाऱ्यावर तपासा. चुलत भावांशी सहमती होत असेल तर वाटपपत्र करून घ्या. चिपळूण किंवा कराडहून तुम्ही सणाला, पालखीला, सहज जेवायला म्हणून जाऊ लागलात की कदाचित बोलणंही सोपं होईल. डोंबिवलीहून वर्षातून एकदा जाणारा माणूस भावकीला नेहमी हिस्सा मागायलाच आल्यासारखा वाटतो.

तुमच्या पत्रात प्लॉट आहे, बंगला आहे, मुलगी आहे, पण वहिनींना काय हवंय ते एका ओळीतही नाही. दिवसाचे जास्त तास त्या नव्या घरात त्यांचेच जाणार आहेत. डोंबिवलीत त्यांचं भजनी मंडळ असेल, भिशी असेल, भाजीवाली ओळखीची असेल. बंगल्यात हे सगळं एका दिवसात संपतं. पेठेत ते सहा महिन्यांत परत उभं राहतं, मी स्वतः उभं राहताना पाहिलंय. आमच्या पेठेतल्या वाचनालयात दर गुरुवारी दुपारी आम्ही आठ-दहा जणी जमतो, आणि कोणाचा गुडघा, कोणाची शुगर, कोणाचा मुलगा अमेरिकेत, सगळं तिथे बोललं जातं. तेव्हा गावं बघायला जाल तेव्हा त्यांना बरोबर न्या. त्यांना स्टँडवर उतरवून सांगा, आता बाजारात जाऊन भाजी घेऊन ये, मी इथे थांबतो. त्या परत आल्यावर काय सांगतात ते माझ्या या सगळ्या पत्राहून जास्त ध्यानात घ्या.

मार्चचा हा महिना हातात आहे. एजंटला फोन करून त्या तीन कागदांच्या प्रती मागा. एखाद्या शनिवारी रात्रीच्या गाडीने दोघं कराडला जा, रविवारी मलकापूर फिरा, दुपारी एसटीने घाट उतरून चिपळुणात मुक्काम करा आणि सोमवारी कोकण रेल्वेने परत या. सोमवारी बाजार, बँका, दवाखाने सगळं उघडं असतं, म्हणून एक दिवस रजा टाका. आल्यावर वहिनींना म्हणावं, मला स्वतः लिहा.